कुंकवाची बाजू

जबलपूरच्या रांझीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. फॅक्टरीचा पहिला भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची, दुसऱ्या भोंग्याला बाबांच्या पायात बूट असायचे, आणि तिसरा वाजेपर्यंत आमच्या गल्लीतून सायकलींचा असा लोंढा वाहत असे की समोरच्या घरी विरजण मागायला जायचं तरी दारात थांबून राहावं लागे. त्या वर्षी भोंगे वाढले. पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या. खिडक्यांच्या काचांना आम्ही खळीने काळे कागद चिकटवले, आणि भर दुपारीही घरात एक तपकिरी उजेड राहू लागला, ज्यात पुस्तक वाचायचं तर मला दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसावं लागे. लढाई लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कधी लागणार हे कुणालाच नव्हतं. फॅक्टरीत काय बनतं ते घरात बोलायचं नाही असा बाबांचा नियम होता, आणि तो त्यांनी निवृत्त झाल्यावरही पाळला.

बाबा मूळचे अमरावतीकडचे. साधे फिटर म्हणून लागले आणि चार्जमन झाले, पण हातातला पाना काही सुटला नाही. सुटीच्या दिवशी तो आमच्या गाडीवर चालायचा. कामगारांच्या वस्तीत गाडी असलेलं घर आमचं एकच, आणि तीही विकत घेतलेली नव्हती. बाबांचे एक अँग्लो-इंडियन फोरमन ऑस्ट्रेलियाला कायमचे गेले, तेव्हा जाताना ती बाबांच्या दारात उभी करून गेले, कारण तिला चालती ठेवणारा जबलपुरात दुसरा कोणी नाही असं त्यांचं मत होतं. काळी, गोल पाठीची, माझ्याहून वयाने बरीच मोठी अशी ती गाडी होती. गल्लीतले लोक तिला ‘बुढिया’ म्हणत. बुढिया कुरकुरायची, धूर सोडायची, पण ती कधी तापून रस्त्यात उभी राहिली असं झालं नव्हतं. उन्हाळ्यात इतरांच्या नव्या गाड्या बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या असत, तेव्हा बाबा बाजूने सावकाश जात आणि खिडकीतून विचारत, “क्यों भैया, पानी दूँ क्या?” त्यांच्या थट्टेची मजल एवढीच.

घरात आम्ही चौघं असायला हवे होतो, पण तिघंच होतो. माझा मोठा भाऊ वसंता, म्हणजे माझा दादा, दोन वर्षांपूर्वी घर सोडून सैन्यात गेला होता. बाबांनी खटपट करून त्याला फॅक्टरीत अॅप्रेंटिस म्हणून लावलं होतं. सहा महिने त्याने काम केलं आणि एके दिवशी भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. घरी सांगितलं ते सही झाल्यावर. बाबा ओरडले नाहीत. हात धुतले, जेवायला बसले, आणि म्हणाले, “मला न विचारता गेला, आता मला न विचारताच राहा.” तेव्हापासून दोघांमध्ये एक अक्षर नाही. दादाचं पत्र यायचं ते ‘तीर्थरूप आईस’ असं. मी ते मोठ्याने वाचायची, आई पदराने डोळे टिपायची, आणि बाबा पेपर वाचत बसायचे. पेपरचं पान मात्र तेवढा वेळ उलटत नसे. उत्तर आई सांगायची आणि मी लिहायची. एकदाच बाबा मध्ये बोलले. दादाला सैन्यात ट्रक चालवायला दिला होता, तर बाबा पेपरमागून म्हणाले, “कोणता ट्रक आहे विचार.” मी लिहिलं, पण कोण विचारतंय ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. दादा वारला त्याला आता पाच महिने झाले. ज्या गोष्टी त्याला सांगता आल्या असत्या त्यांची मी हल्ली मनात उजळणी करत बसते, आणि त्यातली ही एक आहे.

आता पंख्याविषयी. जुन्या गाड्यांत इंजिन थंड राखायला पुढे एक लोखंडी पंखा असायचा, चार पात्यांचा, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा. समोर पाण्याची जाळी, म्हणजे रेडिएटर, आणि त्यामागे हा पंखा. जाळीतून हवा ओढून इंजिनावर फेकायची एवढंच त्याचं काम. गाडी वेगात असली की वारा आपोआप लागतो, पंख्याचं फारसं अडत नाही. खरी परीक्षा गर्दीत आणि फाटकापाशी, जेव्हा गाडी उभी असते आणि इंजिन चालू असतं. बाबा दरवर्षी नवरात्रात तो पंखा काढून तपासत. पात्यांना रॉकेल चोळायचे, पुसून कोरडं करायचे आणि वरून शाळेच्या खडूची पूड लावायचे. कुठे बारीक चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर काळी रेघ होऊन बाहेर यायचं. मला ते जादूसारखं वाटे. मग मधल्या भोकात सळई घालून पंखा सावकाश फिरवायचा, आणि दरवेळी एकच पातं खाली येऊन थांबत असेल तर त्याला कानशीने किंचित घासायचं. “सुटलं एखादं पातं तर बोनेट फाडून बाहेर येतं,” असं ते सांगत. खडू मी आणायची. म्हणजे वर्गातून उचलायची.

त्यांची काम करायची एक रीत होती, ती इथे सांगायला हवी. काढलेला प्रत्येक भाग ते जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवत, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने, आणि ज्या बाजूने गाडीत होता त्याच बाजूने. खुणा करणं, लिहून ठेवणं असलं काही नाही. तो कागद हीच त्यांची वही. त्या कागदाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एकदा मांजर त्यावरून चालत गेलं तर बाबांनी सगळे नट पुन्हा लावून पाहिले होते.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी त्यांनी पंखा काढून कागदावर ठेवला, तपासला, काळा रंग दिला आणि वाळायला परत कागदावर ठेवला. तेवढ्यात फॅक्टरीचा माणूस सायकलवर आला. सुटी रद्द, सगळ्यांना बोलावलंय. बाबा तसेच गेले. आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्याकडे पाटावर विळी, अडकित्ता, आईची शिवणाची कात्री, बाबांचे पाने, आणि माझ्या हट्टाने एक शब्दकोश, असं सगळं मांडलं जायचं. रंगवलेला पंखा बघून आईला तो पाटावर हवाच असं वाटलं. तिने कागदावरून तो उचलला, रंग सुकलाय का ते बोटाने बघितलं आणि पाटाच्या मधोमध ठेवला. पाती एका बाजूने तळहातासारखी किंचित खोलगट होती. ती खोलगट बाजू वर. प्रत्येक पात्याच्या खोलगटीत तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. चार ओंजळी भरल्यासारखा तो पंखा दिसत होता. मला फार आवडला. रंग अजून थोडा ओलसरच होता, त्यात हळद-कुंकू पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. बाबा पहाटे अर्धवट झोपेतच गेले, आल्यावर पंखा बसवतो असं काहीसं आईजवळ पुटपुटून. पण सणाच्या दिवशी दारात पोट उघडी गाडी आईला बघवेना. दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, आमच्या दोघींचंच, आणि ती म्हणाली, “शाले, तुला येतं नं ते पान्याचं? लाव नं तो पंखा. गाडीला हार घालायचा आहे मला.”

“बाबा येऊ दे नं.”

“ते कधी येतील? चार तर बोल्ट आहेत. एवढी अकरावीत जाऊन काय करून राहिली मग?”

मला खरंच येत होतं. कितव्या नंबरचा पाना, वायसर कुठला, सगळं बघून बघून पाठ होतं. मी पंखा बोनेटखाली नेऊन धरला आणि थांबले. त्याचा मधला भाग सपाट होता, चार भोकांचा, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच बसत होता. कागदावर तो कसा ठेवला होता ते आठवायचा मी प्रयत्न केला. कागदावर तो पालथा होता असं मला वाटलं. पालथा म्हणजे खोलगट बाजू खाली. पण आता विचार करते तर तेव्हा तसं वाटलं होतं, की नंतर सगळं कळल्यावर मी ते मागे नेऊन ठेवलं, याचा मला उलगडा होत नाही. मी आईला विचारलं, “आई, कोणती बाजू पुढे?”

“काहून वं, हे काय विचारणं झालं? कुंकवाची बाजू पुढे. देवाला कोणी भिंतीकडे तोंड करून बसवते का?”

हे मला पटलं. निदान पटलंसं वाटलं. मी कुंकवाची बाजू जाळीकडे करून चारही बोल्ट आवळले. आईने हार घातला.

चार दिवसांनी आम्ही दिवाळीच्या कापडासाठी बडा फुहाऱ्याच्या बाजाराला निघालो. फुहाऱ्याच्या गर्दीत गाडी हातगाडीच्या चालीने सरकत होती आणि इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघून बाबा म्हणाले, “हे काय करून राहिली ही?” थोड्या वेळाने बोनेटच्या फटीतून वाफ आली. मागून कोणीतरी ओरडलं, “चाचाजी, पानी दूँ क्या?” आणि लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला कळला असता. वर्गात न शिकवलेला प्रश्न पेपरात आल्यावर मुलं जशी बघतात तसे ते बघत होते.

मग सुरू झाला शोध. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस मिळेल त्या वेळात गाडीत डोकं घालायचा. धुण्याचा सोडा घालून त्यांनी जाळी धुतली. ती गोहलपुरच्या एका कारागिराकडे नेऊन झाळून आणली. पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, मग नवाच घातला. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते, पाणी गरम झालं की उघडणारी. ती काढून ते स्वयंपाकघरात आले आणि आईच्या चहाच्या पातेल्यात टाकून उकळत बसले. आई म्हणाली, “अहो, त्यात मी चहा करते जी!” बाबा म्हणाले, “बघ, बघ, उघडली.” झडप वेळेवर उघडत होती. सगळं ठीक होतं आणि गाडी तापत होती. पंख्यावर त्यांनी संशय घेतला नाही असंही नाही. इंजिन चालू करून जाळीपुढे पेपरचं पान धरलं. पान जाळीला चिकटलं, क्षणभर राहिलं, आणि घसरून खाली पडलं. “हवा तर ओढून राहिला,” ते स्वतःशीच म्हणाले. कुंकवाची चार बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर गरगर फिरत होती. त्यांनी ती पाहिलीही असतील. पण तो पंखा मी बसवलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. थकून आलेल्या त्या दिवशी त्यांना गाडी पूर्ण दिसली, हार दिसला, आणि बहुधा आपणच जाण्याआधी बसवला होता असं त्यांनी धरून चाललं. मी का बोलले नाही? विचारलं नाही म्हणून, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. आणि खरं म्हणजे पंखा फिरत होता, त्याची हवा येत होती, तर दोष त्याचा असेल हे मला सुचलंही नव्हतं. की सुचलं होतं?

त्यानंतरच्याच आठवड्यात एका दुपारी रेल्वेतले देशमुखकाका सायकल फेकून धापा टाकत आमच्या दारात आले. इटारशीहून आलेल्या गार्डने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. दादाचं अक्षर. त्याच्या पलटणीची आगगाडी पूर्वेकडे निघाली होती, दोन-सव्वादोनला जबलपूरला पाणी घ्यायला वीस मिनिटं थांबणार होती. ‘आई, जमलं तर स्टेशनवर ये. बाबांना पण सांग.’ मी वाचलं आणि आई म्हणाली, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. “बाबांना पण सांग, असंच आहे नं? तू तर नाही जोडून राहिली?” मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिला वाचता कमी यायचं, पण ‘बाबांना’ हा शब्द तिने बोट ठेवून शोधून काढला. मग ती एकदम कणकेच्या डब्याकडे धावली.

मी सायकलवर फॅक्टरीच्या फाटकाशी गेले. दरवानाने निरोप आत पाठवला. लढाईच्या तयारीच्या त्या दिवसांत कामावरून बाहेर सोडणं जवळजवळ बंदच होतं, पण अर्ध्या तासाने बाबा निळ्या, तेलकट कामाच्या कपड्यांतच बाहेर आले, हातात दोन तासांचा पास. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली, वरच्या खिशात ठेवली, आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून इतक्या जोरात घरी आणलं की मला भीती वाटली. आईने तोवर तिखटमिठाच्या पुऱ्या तळून मोठा पितळी डबा भरला होता, वर बेसनाचे लाडू. बाबांनी बुढियाला हँडल मारलं. आम्ही निघालो तेव्हा दीड वाजला होता, आणि स्टेशन फार तर अर्ध्या तासावर.

वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबच लांब, प्रत्येक डब्यावर ताडपत्रीखाली काहीतरी बांधलेलं. बाबा ताडपत्रीच्या आकारांकडे बघत होते. ते काय आहे हे त्यांना ठाऊक असणार. बॅटरी उतरलेली होती, म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं नाही. डबे संपेनात. काटा चढत होता. आई सारखी म्हणत होती, “होईल नं? पोचू नं?” आणि बाबा काट्यावरची नजर न काढता म्हणत होते, “होते. होते.” फाटक उघडलं, आम्ही रूळ ओलांडले आणि पलीकडच्या गर्दीत शिरलो न शिरलो तोच बोनेटखालून शिट्टीसारखा आवाज आला आणि समोरची काच वाफेने पांढरी झाली.

बाबांनी गाडी कडेला घेतली. उकळत्या इंजिनात गार पाणी ओतता येत नाही, लोखंड तडकतं. थांबणं एवढंच हातात होतं. त्यांनी समोरून येणारी सायकलरिक्षा हात करून थांबवली. “भैया, टेसन. जल्दी.” आई आणि मी बसलो, आईच्या मांडीवर डबा. “तुम्ही व्हा पुढं,” बाबा म्हणाले, “मी हिला थंड करून आलोच.” मी वळून बघितलं तेव्हा ते बोनेटवर हात टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

फलाटावर फौजी गाडी उभीच होती. गावातल्या बायका बादल्यांतून चहा वाटत होत्या, कोणी जवानांना टिळे लावत होतं, आणि त्या शेकडो हिरव्या कपड्यांत एकाच चेहऱ्याचे शेकडो दादा मला दिसत होते. खरा दादा आम्हाला आधी दिसला नाहीच, त्यानेच हाक मारली, “आई! ए आई!” तो काळा झाला होता आणि खांद्यांनी रुंद. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. तो तिच्या डोक्यावरून मागे बघत होता. जिन्याकडे, फाटकाकडे.

“बाबा?” त्याने मला विचारलं.

“येऊन राहिले. गाडी तापली रस्त्यात.”

“बाबांची गाडी?” तो हसला. “बाबांची गाडी तापली? शाले, एवढी पुस्तकं वाचते आणि तुला धड खोटं नाही बोलता येत.”

“खरंच, दादा. आईला विचार.”

“हो रे बापा, तापली,” आई म्हणाली. पण ती त्याच वेळी डबा त्याच्या हातात कोंबत होती, पुऱ्या आज-उद्या खा, लाडू टिकतील, असं सांगत होती, आणि तिचं ‘तापली’ कुठल्या कुठे वाहून गेलं. दादा हसतच होता, पण आता ते हसू नुसतं ओठांवर राहिलं होतं. “असू दे,” तो म्हणाला, “मी लिहिलं होतं, झालं.” शिट्टी झाली. तो पायरीवर चढला, शेवटपर्यंत जिन्याकडे बघत राहिला, आणि मग गाडीने वळण घेतलं.

बाबा त्यानंतर दहाएक मिनिटांनी आले. फलाटावर सांडलेला चहा आणि मातीची कुल्हडं होती. “गेली?” त्यांनी विचारलं. “गेली,” आई म्हणाली. त्यांनी रुळांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पास संपायला पस्तीस मिनिटं होती. आम्ही घरी परतलो. वाटेत गाडी वेगात होती आणि अजिबात तापली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी उंबऱ्यावर वाचत बसले होते, तेव्हा बाबांनी मला हाक मारली. त्यांनी पंखा काढून हातात धरला होता.

“हा कोणी बसवला?”

“मी.”

“आणि बाजू कोणी सांगितली?”

आत आई चकल्या पाडत होती. कढईतली चुरचुर बाहेर ऐकू येत होती. “मीच,” मी म्हटलं, “मला आठवलं नाही.” बाबांनी पात्यांमधल्या हळद-कुंकवाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, आणि मला पुढे काही विचारलं नाही. त्यांनी समजावून मात्र सांगितलं, शिकवताना सांगत तसंच. उलटा बसवला तरी पंखा हवा त्याच दिशेला ढकलतो, म्हणून कोणाला कळत नाही. पण पाती पाठीने काम करतात. “तळव्याने पाणी उचलतो नं आपण? हाताच्या पाठीने उचलून बघ, किती येते.” रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी चारही पाती पुसली. पंखा फिरवून बसवला, इंजिन सुरू केलं, पेपरचं पान जाळीपुढे धरलं. ते फाडकन चिकटलं आणि इंजिन बंद करेपर्यंत तिथेच राहिलं.

“दादाला लिहू?” मी विचारलं.

“काय लिहिशील?”

“पंख्याचं. म्हणजे तुम्ही खरंच...”

“त्याला लिहिलं की तो उत्तरात लिहील. तू ते तिला वाचून दाखवशील. मग तिला कळंल की पोराची अन् बापाची भेट कशाने हुकली.” त्यांनी बोनेट लावलं. “नको. जन्मभर ती हात लावायची नाही कुंकवाच्या करंड्याला.”

“पण त्याला वाटून राहिलं की तुम्ही आले नाही.”

“वाटू दे,” बाबा म्हणाले.

लढाई लागली आणि संपली. दादा परत आला, धडधाकट. बाबांशी तो बोलायचा, बाबाही बोलायचे, ट्रकचं, गव्हाचं, हवेचं. पाहुण्यांशी बोलतात तसं. त्या दुपारचा विषय कोणीच काढला नाही. बाबा गेले तेव्हा दादाने सगळं रीतसर केलं आणि तेराव्यानंतर नागपूरला निघून गेला. आई त्यानंतर पुष्कळ जगली, आणि ऐन वेळी बुढियाने कसा दगा दिला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. तिला जाऊनही आता वीस वर्षं झाली. आईला कळू नये म्हणून बाबांनी घातलेली गाठ त्याच दिवशी सुटली होती. तरी मी दादाला सांगितलं नाही. दर दिवाळीला नागपूरला जायची, सांगायचं ठरवून जायची, आणि चार दिवस राहून परत यायची. यामागे काही कारण असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही.

सांगितलं ते गेल्या वर्षी, त्याच्या शेवटच्या आजारपणात. दुपारची वेळ, तो खिडकीशी खुर्चीत, पायांवर शाल. मी सुरुवात खंडेनवमीपासून केली, कारण मधूनच कुठून सुरू करावं ते मला कळेना. पुसलेलं कुंकू, ‘वाटू दे’, सगळं सांगून झाल्यावर मी वाट बघत बसले. इतकी वर्षं का दडवलंस असं तो विचारेल, याची मी तयारी केली होती, म्हणजे उत्तर नव्हतं, पण रडायची तयारी होती. त्याने विचारलं ते वेगळंच.

“तुम्ही दोघी रिक्षात गेल्या,” तो म्हणाला. “मग तिसरा माणूस बसत नव्हता का?”

जबलपुरात सायकलरिक्षात तिघंच काय, चौघं बसतात. मी पंखा धरून बसले होते एवढी वर्षं, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आई होती, मी होते, डबा होता, आणि बाबा बोनेटवर हात टेकून उभे होते. गाडी कोण चोरून नेणार होतं?

“बसला असता,” मी म्हटलं. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं, पण ते मला तेव्हाही जमत नव्हतं.

दादाने डोळे मिटले. बाहेर कुणीतरी गच्चीवर गादी झोडत होतं. मला वाटलं त्याला झोप लागली. मग तो म्हणाला, “कामाच्या कपड्यांत होते का ते?”

“हो. तसेच आले होते फॅक्टरीतून.”

“तेलाचे असतील.”

“होते.”

“मग लाजले असतील,” दादा म्हणाला. “माझ्या पलटणीसमोर.”

बाबांना त्या कपड्यांची लाज वाटलेली मी कधी पाहिली नाही. त्याच कपड्यांत ते माझ्या शाळेच्या बक्षीससमारंभाला आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. दादालाही हे ठाऊक होतं, तो माझ्या शेजारीच तर बसला होता. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मी काय म्हणते याची तो वाट बघतोय हे मला दिसलं.

“असतील,” मी म्हटलं.